गुंड्याचे एकशेऐंशी ग्रॅम

आमच्या घरात दोन पोटं नाजूक आहेत. एक माझं आणि एक गुंड्याचं. माझ्या पोटाला बावीस वर्षांचा इतिहास आहे, गुंड्याचं पोट आत्ता कुठे तीन वर्षांचं. तरीही घरात पोटाचा विषय निघाला की सगळे गुंड्याकडे बघतात.

गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा. अंगाने गोल, रंगाने दूध जास्त झालेल्या चहासारखा, आणि स्वभावाने, मी आकसाने म्हणत नाही, पण ढोंगी. गेल्या वर्षी त्याच्या अंगाला खाज सुटली. कान लाल झाले, पंजे चावून चावून ओले. बायकोने त्याला तीन डॉक्टरांकडे नेलं. अंडं, कोंबडी, गहू आणि दूध या चार गोष्टी त्याला सोसत नाहीत असं निदान निघालं. मग सोसतं काय, हे शोधायला तिने आठ महिने घेतले. दर पंधरा दिवसांनी एक नवा पदार्थ, त्यावर कानांचा रंग, पंजांची अवस्था आणि पुढचं सगळं, जे मी इथे लिहीत नाही पण तिने वहीत लिहिलं आहे. शेवटी लाल भोपळा, बटाटा आणि मासा एवढ्यावर गाडी येऊन थांबली. उकडायचं, काटे काढायचे, एकजीव करायचं, मीठ नाही. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. दर वेळी एकशेऐंशी ग्रॅम.

आता माझी गोष्ट घ्या. मी बावीस वर्षं सांगतोय की जेवल्यावर छातीत जळजळतं. त्यावर आजतागायत मला एकच उपचार मिळाला आहे, तो म्हणजे 'सावकाश खा'. वही नाही, कानांचा रंग नाही, काही नाही. मला त्या कुत्र्याचा हेवा वाटत होता, आणि हे मी आज उघड सांगतो, कारण पुढे जे घडलं ते झाकून ठेवण्यासारखं राहिलेलं नाही.

त्यातून मी वजनमापे खात्यात निरीक्षक. अठ्ठावीस वर्षं लोकांचे तराजू तपासतोय. भाजीवाला मला बघून पारडं पुसतो. आणि माझ्याच घरात, मी स्वतः तपासून दिलेल्या काट्यावर, रोज तीन वेळा कुत्र्याचं जेवण मोजलं जातं. मला मात्र पातेल्यातून डावाने, बोलता बोलता, अंदाजे वाढतात. अंदाज या प्रकाराबद्दल आमच्या खात्याचं काय मत आहे, ते मी बायकोला अनेकदा ऐकवलं आहे.

तर आमच्या मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली. गाडीने दोन दिवसांचा रस्ता. तिने घर भाड्याने घेतलं आणि फोन केला. "बाबा, गुंड्याला आणाल ना?" मी येणार का, असं तिने विचारलं नाही. गुंड्याला गाडी चालवता येत नाही, त्या अर्थी मी येणारच, असा हिशेब तिने केला असावा.

कुत्रा दुसऱ्या प्रांतात न्यायचा तर दाखला लागतो. तो काढायला मी अर्धी रजा टाकून बायकोबरोबर पशुसंवर्धन कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने चार पानी अर्ज पुढे केला. गुंड्याचं वय, वजन, रंग, शेपटीची लांबी, स्वभाव. 'आहारविषयक विशेष सूचना' याला सात ओळी होत्या. बायकोने त्या पुरल्या नाहीत म्हणून जोडपत्र दिलं. मी म्हटलं, "माझं नाव कुठे लिहायचं?" कारकुनाने पान उलटलं आणि सगळ्यात खाली बोट ठेवलं. तिथे 'वाहनचालक' असं छापलेलं होतं आणि पुढे अर्धी ओळ होती.

"मी त्याचा मालक आहे," मी म्हटलं.

"मालक म्हणून बाईंनी सही केली आहे," कारकून म्हणाला. "एकाला दोन मालक चालत नाहीत."

मी वर्ग दोनचा अधिकारी आहे, हे सांगायचं तोंडावर आलं होतं. पण मागे रांग होती. मी वाहनचालक म्हणून सही केली.

समोरच्या घरात निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना कुत्रा नाही, गाडी नाही, आणि प्रवास सोसत नाही, त्यामुळे त्यांच्या सल्ल्यात अनुभवाची ढवळाढवळ नसते. निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि त्यांनी गुंड्याचं वेळापत्रक आखलं. जेवणाआधी अर्धा तास गाडी उभी, जेवणानंतर पाऊण तास उभी, वळणावळणाच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही. मी विचारलं, "आणि माझ्या जेवणाचं?" हेडमास्तर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही मोठे आहात."

बायकोने सहा डबे भरले. दोन दिवसांचे तीन-तीन. प्रत्येकावर वार आणि वेळ. ते बर्फाच्या पेटीत ठेवले आणि पेटी गाडीत पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, पट्टा लावून बसवली. बायको आणि गुंड्या मागे. शिवाय पिशवीत काटा. मी म्हटलं, "अगं, डबे मोजूनच भरलेत ना? मग काटा कशाला?"

"प्रवासात कमीजास्त होतं," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी बंद डब्याचं वजन प्रवासात कमीजास्त झालेलं पाहिलेलं नाही.  त्या काट्यामुळे पुढे काय होणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी सकाळी सातचा डबा ठरल्याप्रमाणे झाला. त्यासाठी आम्ही हमरस्त्याच्या कडेला एक तास वीस मिनिटं उभे होतो. शेजारून ट्रक जात होते आणि बायको काट्याला वारा लागू नये म्हणून मला पाठ करून उभं राहायला सांगत होती. मी ताशी साठने जाणाऱ्या ट्रकांकडे तोंड करून एका कुत्र्याच्या नाश्त्याला आडोसा देत होतो. माझा नाश्ता म्हणजे थर्मासमधला चहा, तो मागच्या मागे सांडला.

दुपारी एकला एका हॉटेलात थांबलो. बायकोने गुंड्याला डबा घातला आणि त्याला फिरवायला मागच्या मैदानात घेऊन गेली. मी तळलेले बटाटे आणि आमलेट मागवलं, कारण दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या घासाला छातीत भट्टी पेटली. मी पाणी प्यालो, भट्टी पाण्यावर तरंगली. अशा वेळी माणसाचा हात कुठे जाईल सांगता येत नाही. माझा हात बर्फाच्या पेटीत गेला. उन्हात राहू नये म्हणून बायकोने ती माझ्या पायाशी आणून ठेवली होती. मी संध्याकाळी सातचा डबा उघडला. फक्त वास घ्यायचा होता, हे मी शपथेवर सांगू शकतो.

एक चमचा खाल्ला. गार, मऊ, किंचित गोडसर. छातीतली भट्टी बसली. दुसरा चमचा खाल्ला. बावीस वर्षांत मला जेवताना असं वाटलं नव्हतं. पोटात कोणीतरी येऊन खिडक्या उघडाव्यात तसं वाटलं. मी थांबलो तेव्हा डबा रिकामा होता आणि मैदानातून बायको परत येत होती.

आता सामान्य माणूस काय करेल? कबूल करेल. पण सामान्य माणसाचं आयुष्य वजनात गेलेलं नसतं. मला पहिला विचार आला तो काट्याचा. संध्याकाळी सातला हा डबा काट्यावर जाणार. तो एकशेऐंशी भरला पाहिजे. शेजारच्या टेबलावर कोणीतरी कुस्करलेल्या बटाट्याची बशी न संपवता उठून गेलं होतं. पिवळसर, मऊ, रंगाने तंतोतंत. मी तो बटाटा डब्यात लोटला, डबा हाताने तोलला, दोन चमचे काढले, झाकण लावलं. संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी बायकोने काटा मांडला. एकशेऐंशी. न एक कमी, न एक जास्त. मला त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

त्या बटाट्यात लोणी आणि दूध असेल हे माझ्या लक्षात आलं का? आलं. पण भेसळ हा विषय आमच्या खात्यात येत नाही. आम्ही फक्त वजन बघतो. आणि गुंड्याने ते ज्या वेगाने संपवलं, वाडगं फरशीवरून भिंतीपर्यंत ढकलत नेलं, ते बघून मला वाटलं की खातोय बिचारा आवडीने, एका वेळेने काय बिघडतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आंघोळीला गेली तेव्हा मी सातचा डबाही खाल्ला. याला मात्र माझ्याकडे काही खुलासा नाही. आदल्या रात्री मला शांत झोप लागली होती, जळजळ नव्हती, आणि मला वाटलं, याला रोज मिळतं, मला दोन दिवस मिळालं तर कोणाचं काय जातं. मुक्कामाच्या न्याहारीत पुन्हा कुस्करलेला बटाटा होता. पुन्हा एकशेऐंशी.

नऊच्या सुमाराला मागच्या सीटवरून खर्र खर्र असा आवाज यायला लागला. मी म्हटलं, गाडीचा पट्टा घासत असेल. बायको म्हणाली, "गुंड्या कान खाजवतोय." साडेनऊला तो पंजे चावायला लागला. दहाला गाडीत असा वास सुटला की मी चारही काचा खाली केल्या. सव्वादहाला त्याने बायकोच्या मांडीवर ओकारी केली. ती त्याला रागावली नाही. पदराने त्याचं तोंड पुसत म्हणाली, "अहो, पहिलं गाव येईल तिथे डॉक्टर बघा. आणि चाळीसच्या वर चालवा."

पहिल्या गावात जनावरांचा दवाखाना होता. दाराजवळच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते आणि एक बाई टोपलीत मांजर घेऊन. आतबाहेर असं काही नव्हतं, एकच खोली, मध्ये टेबल. सगळं सगळ्यांसमोर. डॉक्टरीणबाई उंच होत्या आणि त्यांना घाई दिसत नव्हती. त्यांनी गुंड्याचे कान उलटे करून बघितले, पोट दाबलं आणि विचारलं, "काय खाल्लं याने?"

बायकोने पिशवीतून वही काढली. डॉक्टरीणबाईंनी पहिलं पान वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुढची सगळी वाचली. पोपटवाल्या गृहस्थांनी एकदा घसा खाकरला, पण बाईंनी मान वर केली नाही.

"मी अठरा वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "अशी वही मी पाहिली नाही. तुम्ही कुठे शिकलात हे?"

बायको लाजली. मी तिला लाजताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. "बघून बघून लिहीत गेले," ती म्हणाली.

"कालपासून दुसरं काहीच गेलं नाही पोटात? रस्त्यावर काही उचललं?"

"एक क्षण सोडलं नाही त्याला. डबे माझ्या हातचे. प्रत्येक डबा घालायच्या आधी काट्यावर ठेवलाय."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "मग सरळ आहे," त्या म्हणाल्या. "याला आता या तीनपैकी काहीतरी बाधायला लागलंय. कदाचित तिन्ही. भोपळा, बटाटा, मासा, सगळं बंद करावं लागेल. चार दिवस इथे ठेवा, सलाइनवर. मग पुन्हा पहिल्यापासून, एकेक पदार्थ."

 बायकोने वही हातात घेतली, तिचा दुमडलेला कोपरा सरळ केला, आणि पिशवीत ठेवायला गेली तर ती पिशवीत जाईना. मग तशीच छातीशी धरून उभी राहिली. "माझंच कुठेतरी चुकलं असणार," ती म्हणाली. "आठ महिने शोधून मी त्याला तेच घालत होते."

हे मला सोसेना. जळजळ मी बावीस वर्षं सोसली, कारकुनाने चालक केलं ते सोसलं, पण बायकोच्या हातातली ती वही मला बघवेना. मी भिंतीवरच्या गुरांच्या तक्त्याकडे तोंड करून म्हणालो, "तिचं काही चुकलेलं नाही. दोन डबे मी खाल्ले."

पोपट पिंजऱ्यात सरकला आणि मांजरवाल्या बाईंनी मान माझ्याकडे वळवली.

"कोणते डबे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुत्र्याचे. काल संध्याकाळचा आणि आज सकाळचा."

"मग कुत्र्याने काय खाल्लं?"

"कुस्करलेला बटाटा. हॉटेलचा. लोणी होतं त्यात. दूधही असेल."

"पण वजन," बायको म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "वजन बरोबर होतं."

"ते मी जुळवलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "नेमकं किती खाल्लंत तुम्ही?"

"तीनशेसाठ ग्रॅम."

"अंदाजे?"

"बाई, मी वजनमापे खात्यात आहे," मी म्हटलं. एवढा एकच मान उरला होता, तो मी राखला.

मांजरवाल्या बाईंनी टोपलीत तोंड घातलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी मात्र चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. त्यांनी गुंड्याला एक इंजेक्शन दिलं, पातळ औषध लिहून दिलं, संध्याकाळपर्यंत पोटाला विश्रांती द्यायला सांगितलं. ठेवून घ्यायची गरज नव्हती. जुना आहार चालू ठेवायचा, त्यात काडीचाही बदल नको. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काही त्रास झाला?"

"नाही," मी म्हटलं. "उलट फार बरं वाटलं."

हेही त्यांनी लिहून घेतलं. कशासाठी ते मला विचारवलं नाही.

गाडी सुरू झाली. मागून आवाज नाही. मी आरशात बघितलं तर बायको खिडकीबाहेर बघत होती आणि गुंड्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझ्याकडे बघत होता. मी भांडणाची वाट बघत होतो. सव्वीस वर्षांच्या संसारात मला तिच्या भांडणाचे सगळे प्रकार माहीत आहेत, पण ही शांतता नवीन होती. वीस-बावीस किलोमीटर गेल्यावर ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"कसं लागलं?"

"काय?"

"जेवण. गुंड्याचं."

यात काहीतरी सापळा आहे असं वाटून मी जपून म्हणालो, "चांगलं होतं."

"मीठ नव्हतं त्यात."

"नव्हतं. तरी चांगलं होतं. भोपळा असा अगदी मऊ, आणि माशाचा एक काटा लागला नाही जिभेला."

"काटे मी हाताने काढते," ती म्हणाली. "दोनदा. एकदा बोटांनी, एकदा डोळ्यांनी."

तिने गुंड्याच्या कानावरून हात फिरवला. मग ती म्हणाली, "सव्वीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातच्या जेवणाला चांगलं म्हणालात."

"असं कसं होईल? म्हणालो असेन की."

"कधी?"

मी आठवायला लागलो. एक पूल गेला, एक पेट्रोलपंप गेला, शाळा सुटलेली मुलं रस्ता ओलांडून गेली. मला आठवेना. मी म्हटलं, "पण तू तरी माझ्या पोटाची कधी वही केलीस का?"

"पोटाची म्हणताय. ऐका मग." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "गुंड्याचं खाऊन झालं की तो वाडगं चाटतो, मग मान वर करतो आणि माझ्याकडे बघतो. काही मागत नाही. नुसता बघतो. तुम्ही जेवता, ताट सरकवता आणि पेपर ओढता. जळजळलं तर पेपरमागून सांगता. आता तुम्हीच सांगा, मी भोपळा कोणासाठी उकडेन?"

 अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची पारडी बघितली, त्यात हे एक राहून गेलं.

एक वाजला तेव्हा आम्ही एका झाडाखाली थांबलो. एकचा डबा गुंड्याला द्यायचा नव्हता. बायकोने तो उघडला, वाडग्यात काढला, चमचा घातला आणि माझ्यासमोर धरला. मोजला नाही. मी गाडीच्या दारात बसून सावकाश खाल्ला. शेवटी बोटाने वाडगं निपटून घेतलं. मग मी मान वर केली आणि बायकोकडे बघितलं. पेपर नाही, फोन नाही, नुसतं बघितलं. मला जरा अवघडल्यासारखं होत होतं, पण मी नजर हलवली नाही.

माझ्या शेजारी गुंड्या बसला होता. त्याला सकाळच्या बटाट्यानंतर काही मिळालं नव्हतं. तोही बघत होता.

बायकोने आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. तिला हसू आलं, ते तिने लपवलं नाही. मग तिने हात पुढे केला आणि गुंड्याच्या डोक्यावर ठेवला. माझं काही म्हणणं नाही. बघण्याच्या कामात तो मला तीन वर्षांनी सीनियर आहे.